अमेरिकन यादवी युद्धातील सैनिक आणि त्यांची कुटुंबे : दैनंदिन जीवन

अमेरिकेची उत्तर आणि दक्षिण राज्ये एप्रिल १८६१ ते एप्रिल १८६५ अशी चार वर्षे एकमेकांशी लढली. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या या यादवी युद्धात उत्तरेकडून वीस लाखांवर, तर दक्षिणेकडून साडेसात ते दहा लाख माणसे उतरली. मृतांचा रूढ आकडा ६,२०,००० आहे. अलीकडचे अभ्यासक तो साडेसात लाखांच्या आसपास धरतात. यातले बहुसंख्य लोक पेशाने शिपाई नव्हते. शेतकरी, सुतार, लोहार, शाळामास्तर अशीच ही माणसे होती. एका गावची पोरे बहुधा एकाच कंपनीत भरती होत, त्यामुळे एखाद्या लढाईत ती कंपनी कापली गेली की अख्ख्या गावाला एकदम सुतक येई. कोण आजारी आहे, कोण पळून गेला, कोणी कर्ज काढले, ही छावणीतली खबर शेजाऱ्याच्या पत्रातून घरी पोहोचे, आणि घरचे दुखणेखुपणे छावणीत.

लढाईचे दिवस थोडे असत. उरलेले सारे दिवस कवायत, पहारा, लाकूडफाटा, पाणी भरणे आणि वाट पाहणे यांत जात. उन्हाळ्यात दोघा शिपायांनी आपापल्याकडचे कापडाचे अर्धे तुकडे बटणांनी जोडून एक बुटका तंबू उभारायचा, त्यात रांगत शिरायचे. हिवाळ्यात मोहीम थांबली की ओंडक्यांच्या झोपड्या उभ्या राहत. फटी चिखलाने लिंपायच्या आणि धुराड्यावर फुटके पिंप बसवायचे. उत्तरेच्या शिपायाचा शिधा म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, घेवडा, कॉफी आणि ‘हार्डटॅक’ नावाचे मैदा-पाण्याचे दगडासारखे बिस्कीट. ते बंदुकीच्या दस्त्याने फोडून कॉफीत भिजवत. भिजले की आतल्या अळ्या वर तरंगत, त्या काढून टाकायच्या आणि पुढे खायचे. शिपाई या बिस्किटांना ‘अळ्यांचे किल्ले’ म्हणत. दक्षिणेच्या शिपायाला मक्याचे पीठ आणि थोडे मांस मिळे. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेच्या बंदरांना घातलेल्या नाकेबंदीमुळे कॉफी मिळेनाशी झाली, तेव्हा राय हे धान्य, शेंगदाणे, ओकची फळे भाजून तिचा काढा केला जाई. पहाऱ्यावरचे शिपाई मात्र वरिष्ठांची नजर चुकवून नदीपलीकडच्या शत्रूशी तंबाखूच्या बदल्यात कॉफीचा सौदा करत.

गोळीपेक्षा आजाराने जास्त माणसे मेली, जवळजवळ दोनतृतीयांश. हगवण, विषमज्वर, हिवताप आणि गोवर हे मुख्य मारेकरी. आडगावात वाढलेल्या तरुणांना लहानपणी गोवर आलेलाच नसे. हजार माणसांच्या छावणीत तो पहिल्याच महिन्यात फिरे.

या जगण्याचा प्राण म्हणजे पत्र. बहुतेक शिपायांना लिहिता-वाचता येत होते आणि ज्यांना येत नसे ते सोबत्याकडून लिहवून घेत. पत्रांवर जवळजवळ कोणतीच तपासणी नव्हती, म्हणून त्यांत भीती, चिडचिड, अधिकाऱ्यांना शिव्या, बैल विकावा की ठेवावा याचा सल्ला, सारे मोकळेपणी येते. उत्तरेच्या शिपायाकडे तिकीट नसेल तर पाकिटावर ‘सैनिकाचे पत्र’ असे लिहून ते पाठवता येई आणि टपालखर्च घरच्यांनी भरायचा. दक्षिणेत कागदाची इतकी टंचाई झाली, की आलेले पाकीट उसवून, उलटे करून त्यातच उत्तर धाडले जाई. भिंतीला चिकटवायच्या नक्षीदार कागदाचीही पाकिटे झाली. लिहिलेल्या पानावर आडवे फिरवून पुन्हा ओळी लिहायची पद्धतही सर्रास होती.

पत्रातला मोठा विषय पैसा. उत्तरेच्या साध्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत (जून १८६४ पासून १६). पगार दर दोन महिन्यांनी द्यायचा असा नियम होता, पण तो चार-चार, सहा-सहा महिने तुंबे. तोवर घरी बायकोने वाण्याकडे उधारी ठेवायची, पीक काढायचे आणि मुले सांभाळायची. पुष्कळ स्त्रिया गणवेश शिवण्याच्या कामाला लागल्या, तर तरुण मुली दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसे भरू लागल्या. पिट्सबर्गजवळच्या ॲलेगेनी शस्त्रागारात १७ सप्टेंबर १८६२ रोजी स्फोट होऊन ७८ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य तरुण मुली होत्या. तो दिवस अँटिटमच्या लढाईचा, अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत रक्तरंजित, त्यामुळे या मुलींची आठवण मागे पडली. युद्धाचा इतिहास लिहिताना त्यांना शिपायांच्या बरोबरीने मोजायला हवे.

सक्तीच्या भरतीने गरिबांच्या मनात कायमची अढी बसली. उत्तरेच्या १८६३ च्या कायद्यानुसार ३०० डॉलर भरून किंवा बदली माणूस देऊन सुटका करून घेता येई, आणि तीनशे डॉलर म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. न्यूयॉर्कमध्ये त्याच जुलैत दंगल उसळली आणि तिचा सगळ्यांत क्रूर घाव तिथल्या काळ्या रहिवाशांवर पडला. दक्षिणेत वीस किंवा अधिक गुलाम असलेल्या मळ्यामागे एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट होती.

दक्षिणेतली घरे तर आतून पोखरली गेली. शिपायाचा पगार ११ डॉलर, तोही रोज किंमत गमावणाऱ्या कागदी नोटांत. १८६४ मध्ये दक्षिणेच्या राजधानीत, रिचमंडला, पिठाच्या एका पिंपाला शेकडो डॉलर पडत होते. म्हणजे वर्षभराच्या पगारात घरात एक पिंप पीठही येईना. मांस टिकवायला मीठ नव्हते. मांसाला धुरी देऊन ठेवायच्या धुराडघरांच्या जमिनीत वर्षानुवर्षे ठिबकलेले मीठ मिळावे म्हणून बायका तिथली माती खणून, पाण्यात कालवून उकळत. सरकार पिकाचा दहावा हिस्सा कर म्हणून नेई आणि फौजा जाता जाता गुरे हाकून नेत. २ एप्रिल १८६३ रोजी रिचमंडच्या स्त्रिया भाकरीसाठी रस्त्यावर आल्या आणि त्यांनी दुकाने फोडली. दक्षिणेचा अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस स्वतः तिथे आला आणि पांगला नाहीत तर गोळीबार होईल, अशी ताकीद त्याने दिली. ‘मुले उपाशी आहेत, घरी ये’ एवढ्या मजकुराने हजारो शिपाई छावणी सोडून गेले. त्यांना भित्रे ठरवणे सोपे आहे, पण ते पेरणीला आणि मुलांना तगवायला गेले होते आणि पकडले गेले तर गोळी घातली जाईल हे त्यांना ठाऊक होते. मिसिसिपी नदीकाठच्या व्हिक्सबर्ग शहराला उत्तरेच्या फौजेने घातलेल्या वेढ्यात तर (मे ते जुलै १८६३) घरच उरले नाही. तोफांच्या माऱ्यातून वाचण्यासाठी कुटुंबे टेकडीच्या मऊ मातीत गुहा खोदून राहिली आणि अखेरीस खेचराचे मांस खाण्याची पाळी आली.

याच नाकेबंदीचा एक धागा आपल्याकडे येतो. दक्षिणेचा कापूस इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअरांचे वेड पसरले आणि १८६५ मध्ये तिकडे शांतता होताच इकडे दिवाळे निघाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना.

त्या मुक्तीची किंमत काळ्या शिपायांच्या घरांनी मोजली. उत्तरेच्या सैन्यात सुमारे १,८०,००० काळे सैनिक होते. त्यांना महिना १० डॉलर आणि त्यातून कपड्यांचे ३ कापलेले, म्हणजे हातात सात. मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीने हा पगार घ्यायलाच नकार दिला आणि जून १८६४ मध्ये समान वेतन मंजूर होईपर्यंत बिनपगारी लढाई केली. केंटकी राज्य उत्तरेकडेच राहिले होते, पण तिथे गुलामगिरी चालू होती. तिथे भरती झालेला गुलाम स्वतः मुक्त होई, पण त्याची बायको-मुले मालकाचीच राहत. ती पळून कॅम्प नेल्सन छावणीच्या आश्रयाला येत. नोव्हेंबर १८६४ मध्ये कडाक्याच्या थंडीत तिथून सुमारे ४०० बायका-मुलांना गाडीत घालून बाहेर काढण्यात आले. जोसेफ मिलर या शिपायाने शपथेवर दिलेला जबाब उपलब्ध आहे. त्याचा सात वर्षांचा मुलगा आजारातून उठत होता. मुलगा मरेल, हे त्याने पहारेकऱ्याला सांगितले. तरी गाडी निघाली. रात्री तो सहा मैल चालत गेला, तेव्हा एका जुन्या प्रार्थनाघरात त्याला कुटुंब सापडले. मूल मेलेले होते. त्याला रात्रीच छावणीत परतावे लागले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चालत गेला, खड्डा खणला आणि मुलाला पुरून परत आला. हाकललेल्यांपैकी १०२ जण दगावले. अशा जबाबांनी उत्तरेत संताप उसळला आणि मार्च १८६५ मध्ये काळ्या सैनिकांच्या बायका-मुलांना मुक्त करणारा कायदा झाला.

मृत्यूची बातमी घरी कळवण्याची सरकारी व्यवस्थाच नव्हती. लोक वर्तमानपत्रांतल्या लांबलचक याद्यांवर बोट फिरवत नाव शोधत. गळ्यात ओळखपट्टी नसे, म्हणून काही शिपाई लढाईआधी चिठ्ठीवर नाव-गाव लिहून ती कोटाला टाचत. पेनसिल्व्हेनियातल्या गेटिसबर्गला जुलै १८६३ मधल्या लढाईनंतर एक मृतदेह सापडला. त्याच्याजवळ नाव नव्हते. हातात तीन मुलांची काचेवरची तसबीर होती. तेव्हा वृत्तपत्रांना छायाचित्र छापता येत नसे. म्हणून मुलांचे कपडे, त्यांची बसण्याची ढब, वये यांचे वर्णन छापण्यात आले. न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावी फिलिंडा हमिस्टनने ते वाचले. गेटिसबर्गनंतर तिला नवऱ्याचे पत्र आलेले नव्हते. तसबिरीची प्रत मागवली आणि तिची तीन मुले तिच्याकडे पाहत होती. तिचा नवरा अमॉस खोगीर-सरंजाम शिवणारा कारागीर होता. त्या तसबिरीच्या प्रती विकून जमलेल्या पैशांचा हातभार लागून १८६६ मध्ये गेटिसबर्गला सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम निघाला, आणि फिलिंडा मुलांसह तिथे कामाला गेली. युद्धात जखमींची शुश्रूषा केलेल्या क्लारा बार्टनच्या कार्यालयाने युद्धानंतर बेपत्ता सैनिकांची चौकशी करणाऱ्या ६३,००० हून अधिक पत्रांना उत्तरे दिली आणि सुमारे २२,००० बेपत्ता सैनिकांचा ठावठिकाणा लावला.

१८६२ च्या कायद्याने उत्तरेच्या साध्या शिपायाच्या विधवेला महिना ८ डॉलर निवृत्तिवेतन मिळू लागले. दक्षिणेच्या विधवांना केंद्राकडून काही नव्हते. त्यांची राज्ये पुढे जमेल तसे देऊ लागली. या युद्धातले शेवटचे निवृत्तिवेतन एका सैनिकाच्या मुलीला मिळत होते. तिचा बाप आधी दक्षिणेकडून लढला, मग पळून उत्तरेला मिळाला आणि त्या दुसऱ्या चाकरीमुळेच ती पात्र ठरली. दरमहा ७३ डॉलर १३ सेंट ही रक्कम तिला २०२० साली तिचा मृत्यू होईपर्यंत चालू होती.