पुन्हा पुन्हा तोंड येतं तेव्हा

नागपुरात तोंड आलं की कारण शोधायची गरज कुणाला वाटत नाही. मे महिन्याचं 45 अंशांचं ऊन, रात्रीचा सावजी रस्सा, सकाळचा तर्री-पोहा. 'उष्णता वाढली' म्हणायचं, ताक-गुलकंद सुरू करायचं आणि औषधाच्या दुकानातून बी-कॉम्प्लेक्स आणायचं. दहा-बारा दिवसांत फोड जातो, श्रेय गोळीला मिळतं. बहुतेक वेळा तो काहीही न घेता तेवढ्याच दिवसांत गेला असता.

वारंवार येणाऱ्या या जखमांना ॲफ्थस अल्सर म्हणतात. साधारण पाचातल्या एकाला हा त्रास होतो आणि तो बहुधा शाळकरी वयात सुरू होतो. आधी एक-दोन दिवस जागा चुणचुणते. मग मधोमध पिवळट-पांढरी, भोवती लाल कड असलेली गोल जखम दिसते. ती बहुधा 1 सेंटिमीटरपेक्षा लहान असते आणि 10 ते 14 दिवसांत व्रण न ठेवता भरते. ओठांच्या आत, गालाच्या आत, जिभेखाली, म्हणजे जिथलं आवरण मऊ आणि हलतं आहे तिथेच ती येते. टाळूवर किंवा दातांना चिकटलेल्या हिरडीवर बारीक फोडांचा पुंजका आला, तर हर्पीसच्या विषाणूचा संशय घ्यावा. तो संसर्गजन्य आहे, ॲफ्थस नाही. तोंड आलेल्या लेकराचं ताट वेगळं करायचं कारण नाही.

आपल्याच रोगप्रतिकारक पेशी तोंडातल्या आवरणावर चालून जातात, म्हणून ही जखम होते. ही प्रवृत्ती अनेकदा घराण्यात असते. मग दात लागणं, जागरण, परीक्षेचा ताण, मासिक पाळी असं काहीतरी निमित्त होतं. काहींना टूथपेस्टमध्ये फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट सोसत नाही. ते नसलेली पेस्ट दोन-तीन महिने वापरून बघावी. तिखटाने असलेली जखम झोंबते, पण ती उठवणारं कारण बहुतेकदा वेगळंच असतं.

दर महिन्याला तोंड येत असेल तर रक्त तपासा: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी12 आणि फोलेट. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी12 कमी असणं अगदी नेहमीचं. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोज 1000 मायक्रोग्रॅम बी12 सहा महिने घेणाऱ्यांपैकी सुमारे 74 टक्के जणांना शेवटच्या महिन्यात एकही जखम झाली नाही. नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 32 टक्के होतं. चाचणी लहान होती, पण उपाय सोपा आहे. सरसकट मल्टिव्हिटॅमिनचा मात्र असा फायदा दिसलेला नाही. सोबत सतत जुलाब, वजन घटणं, गुप्तांगावर जखमा किंवा डोळे लाल होणं असेल, तर आजार तोंडापुरता नाही, फिजिशियनला दाखवा.

जखम असताना वेदना कमी करता येतात. डॉक्टर ट्रायॲमसिनोलोन या स्टिरॉइडची तोंडात लावायची पेस्ट देतात. चुणचुण सुरू होताच, जागा टिपून कोरडी करून, न चोळता लावली तर ती जास्त उपयोगी पडते. जेवणाआधी जागा बधिर करणारं लिग्नोकेन जेल लावलं की घास गिळता येतो. दुखऱ्या जागी ॲस्पिरिनची गोळी दाबून ठेवू नका, त्याने आवरण भाजतं.

आता विदर्भापुरतं. इथे पन्नीत घोटलेला खर्रा कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो: सुपारी, तंबाखू, चुना. खर्रा खाणारा 'तिखट सहन होत नाही, सारखं तोंड येतं' म्हणतो, तेव्हा ते ॲफ्थस असेलच असं मी मानत नाही. सुपारीतलं अरेकोलिन गालाच्या आत तंतू वाढवतं, तिच्यातलं तांबं ते तंतू घट्ट बांधतं, आणि गाल पांढुरका पडून चामड्यासारखा ताठ होतो. हा सबम्युकस फायब्रोसिस. खर्रा सोडला तरी झालेला ताठरपणा पूर्ण जात नाही, आणि पुढे त्यातून कर्करोग होऊ शकतो. सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये नोंदवलं, म्हणून 'मी बिनतंबाखूचा खातो' हे उत्तर पुरत नाही. आरशासमोर तोंड उघडून स्वतःची तीन बोटं उभी आत जातात का बघा. जात नसतील तर नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन या.

खर्रा खात नसलात तरी जखमेची जागा एक गोष्ट सांगते. ॲफ्थस जागा बदलतं, जातं, परत येतं. एकाच ठिकाणी ठाण मांडलेली, कडा कडक असलेली, दुखतही नसलेली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर तिसरा आठवडा संपायच्या आत दंतवैद्याला दाखवा. गरज वाटली तर ते तुकडा काढून तपासतील. दुखत नाही म्हणून थांबणारेच उशिरा पोचतात.

सिगारेट-बिडी सोडल्यावर पहिल्या काही आठवड्यांत काहींना उलट जास्त फोड येतात. ते बहुधा महिन्याभरात कमी होतात, तोवर डॉक्टरांनी दिलेली ट्रायॲमसिनोलोनची पेस्ट लावा आणि बिडीला पुन्हा हात लावू नका.