कोल्हापूरची पूररेषा आणि विम्याचा हप्ता

कोल्हापुरात पूररेषेचा विषय निघाला की बोलणे बांधकाम परवान्यावर येते. विम्याच्या हप्त्याशी तिचा संबंध असू शकतो, हे सहसा कुणाच्या मनात येत नाही. अमेरिकेच्या किनारी गावांत मात्र तो संबंध १९६८ च्या राष्ट्रीय पूरविमा योजनेपासून आहे. वर्षाला शंभरात एक शक्यतेच्या पुराचे क्षेत्र तिथे नकाशावर आखले गेले आणि १९७३ च्या कायद्याने त्या क्षेत्रातील कर्ज काढून घेतलेल्या घरांना विमा सक्तीचा झाला. २०२१ पासून घराच्या उंचीबरोबरच पाण्यापासूनचे अंतर आणि पुनर्बांधणीचा खर्चही हप्त्यात धरला जातो.

आपल्याकडे केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरक्षेत्राच्या विभागणीसाठी नमुना विधेयक राज्यांकडे पाठवले. महाराष्ट्राच्या पाटबंधारे विभागाने सप्टेंबर १९८९ च्या परिपत्रकाने पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल, अशा दोन रेषा ठरवल्या. निळीच्या आत निषिद्ध क्षेत्र, दोहोंमध्ये नियंत्रित. ‘शंभर वर्षांतून एकदा’ म्हणजे एकदा येऊन गेला की शतकभर निवांत, असा समज करून घेणे सोपे असते. पण राजाराम बंधाऱ्यावर, जिथे इशारा पातळी ३९ आणि धोका पातळी ४३ फूट आहे, तिथे पंचगंगा २०१९ मध्ये ५५ फुटांच्या वर गेली आणि २०२१ मध्ये पुन्हा गेली.

विम्याने या रेषांकडे पाहिले नाही. पूर हा आगीच्या पॉलिसीतलाच एक धोका होता आणि जुन्या अखिल भारतीय दरपत्रकात भूकंपासाठी देशाचे विभाग पाडले असले, तरी पुरासाठी तसे विभाग नव्हते. उलट वादळ-पुराचे संरक्षण वगळल्यास हप्ता कमी होई. २००७ मध्ये दर खुले झाले, म्हणजे प्रत्येक कंपनी आपला दर ठरवू लागली. एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’ आणि ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी आल्या. त्यांत पूर धरलेलाच आहे.

तरीही पॉलिसीत विम्याची रक्कम किती लिहायची, हा पेच उरतो. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणेशमूर्तींचा साठा सर्वांत जास्त असतो तो नेमका पुराच्या दिवसांत. २०१९ चा पूर गणेशचतुर्थीच्या आधी महिनाही उरलेला नसताना आला. विमा रक्कम मालाच्या किमतीपेक्षा पंधरा टक्क्यांहून अधिक कमी असेल, तर दावा त्या प्रमाणात कापला जातो. वर्षाच्या सरासरी साठ्यावर पॉलिसी काढणाऱ्या मूर्तिकाराला ऑगस्टमध्ये ही कात्री लागते.