ब्लीड करूनही ब्रेक पेडल मऊच लागते? (ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

मोटारसायकलच्या मागच्या डिस्क ब्रेकचे ब्लीडिंग केले, म्हणजे ब्रेक ऑइलमधली हवा काढली, नळीतले बुडबुडे थांबले, ब्रेक ऑइल स्वच्छ येऊ लागले, तरी मागचे पेडल दाबले की लिबलिबीत लागते. अशा वेळी दुसरी बाटली ओतण्याआधी पेडल काय सांगते ते पाहा.

भराभर तीन-चार वेळा मारल्यावर पेडल वर येऊन कडक होत असेल, तर आत हवा आहे किंवा पॅड (डिस्कवर दाबले जाणारे तुकडे) डिस्कपासून फार मागे सरले आहेत. पण दाबून धरलेले पेडल हळूहळू खाली बसत असेल, तर ती गळती. बाहेर कुठे ओल नसेल तर संशय मास्टर सिलिंडरमधल्या (पेडलच्या दाबाने ऑइल पुढे ढकलणारा भाग) रबरी कपावर. तो झिजला असेल तर ब्लीडिंग करून काही उपयोग नाही.

हवा असेल तर बहुतेक वेळा ती कॅलिपरमध्येच (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलेली असते. हवा वर चढते, म्हणून निपल (कॅलिपरवरचा हवा सोडायचा छोटा स्क्रू) सगळ्यांत उंच जागी हवे. काही गाड्यांत मागचा कॅलिपर अशा कोनात बसतो की निपलच्या वर थोडी पोकळी उरते आणि तिथली हवा हलतच नाही. कॅलिपरचे बोल्ट काढा, होज (ऑइलची रबरी नळी) जोडलेलाच ठेवा, पॅडमध्ये डिस्कच्या जाडीची लाकडी पट्टी घाला आणि निपल वर करून ब्लीड करा. पट्टी विसरलात तर पिस्टन बाहेर येईल, मग काम दुप्पट.

पेडल सावकाश दाबून धरा, निपल पाव ते अर्धा आटा सैल करा, ऑइल आले की आवळा, मगच पाय उचला. आधी पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते. धपाधप पेडल मारल्याने ऑइलला फेस येतो. मागच्या ब्रेकची ऑइलची डबी लहान असते. दर पाच-सहा वेळा झाकण उघडून पाहा. पातळी खालच्या रेषेखाली जाऊन हवा आत शिरली, की पहिल्यापासून सुरुवात.

निपलमधून ऑइल ओढणारा व्हॅक्यूम पंप वापरणाऱ्यांची हमखास फसगत होते. सैल निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत बुडबुडे संपतच नाहीत. शेवटचे चार-पाच दाब पेडलनेच द्या, खरे काय ते कळेल.

तरीही मऊ? तिथे अडकलेली हवा काढायला मास्टर सिलिंडरच्या बँजो बोल्टला (होज जोडणारा पोकळ बोल्ट) फडके गुंडाळा, पेडल दाबून बोल्ट किंचित सैल करा आणि पेडल न सोडता आवळा. बोल्ट पूर्ण काढलात तर तांब्याचे दोन्ही वॉशर नवे घाला.

हवा नसतानाही पेडल मऊ लागू शकते: जुना रबरी होज दाबाने फुगतो, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिन कोरड्या पडून अडकतात, किंवा वाकडी डिस्क पॅडना मागे ढकलते. इंजिन बंद ठेवून, कुणालातरी पेडल दाबायला सांगून होजवर बोटे ठेवा. फुगत असेल तर हाताला जाणवते.

ऑइल झाकणावर लिहिलेल्याच ग्रेडचे घ्या. डॉट ४ चा उत्कलनबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, हवेतले पाणी शोषल्यावरची किमान मर्यादा १५५. उघडी पडून राहिलेली बाटली म्हणूनच नको. डॉट ५ सिलिकॉनचे असते, ते डॉट ४ मध्ये मिसळू नका. ब्रेक ऑइल गाडीच्या रंगावर सांडले तर लगेच पाण्याने धुवा.

एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) युनिटमध्ये हवा शिरली असेल तर काही गाड्यांत ती स्कॅनरने (गाडीला जोडायचे तपासयंत्र) त्यातला पंप चालवल्याशिवाय निघत नाही. अशी गाडी आमच्याकडे ढकलत किंवा टेम्पोतून आणा, चालवत नको.