वर्ल्ड असेंब्लीची कायदेनिर्मिती (नेशनस्टेट्स)

‘नेशनस्टेट्स’ या इंटरनेटवरील खेळात खेळाडूंनी उभ्या केलेल्या काल्पनिक राष्ट्रांची ‘वर्ल्ड असेंब्ली’ नावाची एक आंतरराष्ट्रीय सभा आहे. मसुदा, प्रतिनिधींची मान्यता आणि सर्व सदस्यांचे मतदान या टप्प्यांतून ही सभा ठराव संमत करते व ते सदस्य राष्ट्रांवर बंधनकारक असतात. खेळ पूर्णपणे मजकुरावर चालतो, तो विनामूल्य आहे आणि त्यात चित्रे-ध्वनी यांचा भार जवळजवळ नाही. त्यामुळे विदर्भातील खेड्यात, जेथे नेटवर्क येते-जाते, तेथेही साध्या मोबाइलवर तो खेळता येतो. अडचण भाषेची आहे, कारण मसुदे, वादविवाद आणि नियम सारे इंग्रजीत चालतात.

ऑस्ट्रेलियन कादंबरीकार मॅक्स बॅरी यांनी आपल्या एका कादंबरीच्या प्रसिद्धीसाठी १३ नोव्हेंबर २००२ रोजी हा खेळ सुरू केला. प्रत्येक खेळाडू आपले राष्ट्र स्थापन करतो, रोज समोर येणाऱ्या प्रश्नांवर निर्णय घेतो, आणि त्या निर्णयांनुसार राष्ट्राचे नागरी स्वातंत्र्य, अर्थव्यवस्था व राजकीय स्वातंत्र्य वर-खाली होत राहते. खेळातील आंतरराष्ट्रीय सभेला आरंभी संयुक्त राष्ट्रसंघाचेच नाव होते. जानेवारी २००८ मध्ये खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाने आपले नाव व बोधचिन्ह वापरण्यास हरकत घेतली आणि १ एप्रिल २००८ रोजी सभेचे नाव बदलून ‘वर्ल्ड असेंब्ली’ झाले. तारीख पाहून अनेक खेळाडूंना ती थट्टा वाटली, पण बदल कायमचा होता. जुन्या सभेचे सर्व ठराव त्याबरोबर इतिहासजमा झाले आणि नव्या सभेने क्रमांक एकपासून आपली कायदेपुस्तिका लिहावयास घेतली.

सभेचे सदस्यत्व ऐच्छिक आहे. एक व्यक्ती कितीही राष्ट्रे चालवू शकते, पण त्यांपैकी एकालाच सभेचे सदस्य करता येते, आणि सभेच्या मतदानाची विश्वासार्हता याच एका नियमावर उभी आहे. राष्ट्रे निरनिराळ्या प्रदेशांत राहतात. एकाच प्रदेशातील सदस्य राष्ट्रे एकमेकांना अनुमोदन देऊ शकतात आणि ज्या राष्ट्राला सर्वाधिक अनुमोदने मिळतात ते त्या प्रदेशाचे प्रतिनिधी होते. हे अनुमोदन राष्ट्राला असते, एखाद्या ठरावाला नव्हे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहिण्याची सवय असलेल्या वाचकाने हा फरक लक्षात ठेवावा. ज्या सदस्य राष्ट्राला किमान दोन अनुमोदने आहेत त्यालाच सभेपुढे ठरावाचा प्रस्ताव मांडता येतो. प्रस्ताव दाखल झाला की त्याला सर्व प्रदेशांच्या प्रतिनिधींपैकी सहा टक्के प्रतिनिधींची मान्यता ठराविक मुदतीत मिळावी लागते, आणि ती मिळवण्यासाठी प्रस्तावक शेकडो प्रतिनिधींना तारा, म्हणजे खेळातील संदेश, पाठवून मनधरणी करतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार ग्रामसभेची गणपूर्ती पंधरा टक्के मतदार किंवा शंभर मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी असते. पण तेथे मोजली जाते ती हजेरी, तर या खेळात मोजली जाते ती त्या विशिष्ट प्रस्तावाला दिलेली संमती.

मान्यता मिळालेला प्रस्ताव चार दिवस मतदानाला राहतो आणि साध्या बहुमताने संमत होतो. सामान्य सदस्याचे मत एक असते. प्रतिनिधीच्या मताला मात्र त्याच्या अनुमोदनांइतके वजन अधिक मिळते, म्हणून मोठ्या प्रदेशाचा प्रतिनिधी एका मताने शेकडो छोट्या राष्ट्रांचे पारडे फिरवू शकतो. पहिल्या काही तासांत अशी वजनदार मते ज्या बाजूला पडतात त्या बाजूला मागाहून येणारे मतदार झुकतात, असे खेळाडूंचे निरीक्षण आहे. याच कारणाने अनुभवी लेखक मसुदा मोठ्या प्रदेशांच्या प्रतिनिधींपुढे आधीच ठेवतात. ही व्यवस्था प्रातिनिधिक आहे, पण समान नाही, आणि खेळाचे चाहते याचे समर्थन करतात तेव्हा अनुमोदन कधीही काढून घेता येते एवढाच त्यांचा भक्कम मुद्दा असतो.

कायद्याच्या परिणामाची या खेळातील रचना विलक्षण आहे आणि तिच्याकडे नवख्यांचे दुर्लक्ष होते. प्रस्ताव दाखल करताना लेखकाला त्याचा वर्ग निवडावा लागतो, उदाहरणार्थ नागरी हक्क, मुक्त व्यापार, पर्यावरण, आरोग्य, नियमन किंवा निःशस्त्रीकरण. काही वर्गांत त्याबरोबर सौम्य, लक्षणीय वा तीव्र अशी तीव्रताही ठरवावी लागते. ठराव संमत होताच सदस्य राष्ट्रांचे आकडे बदलतात, पण ते केवळ या निवडीनुसार बदलतात. संगणक मजकूर वाचत नाही. म्हणून मजकूर आणि वर्ग यांचा मेळ बसला पाहिजे असा कडक नियम आहे. व्यापाराचे निर्बंध उठवणाऱ्या मसुद्यावर पर्यावरणाचा वर्ग लावला तर तो बेकायदा ठरून फेटाळला जातो. मजकुराचा अर्थ खेळाडूंनी आपापल्या राष्ट्राच्या कारभारात प्रामाणिकपणे उतरवायचा असतो, आणि माझ्या मते खेळाचे खरे मोल याच भागात आहे, कारण जो मजकूर वाचतो त्याच्यासाठीच तो कायदा असतो.

मसुद्याची भाषा आंतरराष्ट्रीय ठरावांच्या वळणाची असते. ‘हे लक्षात घेऊन’, ‘याबद्दल चिंता व्यक्त करून’ अशा प्रास्ताविक कलमांमागून ‘बंधनकारक करते’, ‘मनाई करते’, ‘आवाहन करते’ अशा क्रियापदांची कार्यकारी कलमे येतात. शेवटच्या प्रकारची कलमे केवळ शिफारस करतात, पण संपूर्ण ठराव शिफारशींचा असून चालत नाही. तो सदस्य राष्ट्रांकडून काहीतरी करून घेणारा असावा लागतो आणि ‘इच्छा असल्यास पाळावा’ असे त्यात लिहिता येत नाही. खऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेचे बहुतेक ठराव शिफारसवजा असतात. या काल्पनिक सभेने त्याबाबत आपल्या मूळ नमुन्यापेक्षा पुष्कळ अधिक अधिकार स्वतःकडे घेतले आहेत. ठरावातून समिती नेमता येते, पण तिच्यावर विशिष्ट राष्ट्रांचे लोक बसवता येत नाहीत. तिचा कर्मचारीवर्ग सभेचाच, काल्पनिक आणि निःपक्ष मानला जातो. सभेला स्वतःचे सैन्य उभारता येत नाही. खऱ्या जगातील व्यक्ती, देश किंवा घटना यांचा उल्लेखही ठरावात चालत नाही.

हा शेवटचा नियम किती अवघड आहे ते एका उदाहरणावरून कळेल. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो आजारी पडले. कीटकनाशकांची एकत्र केलेली मिश्रणे, उंच वाढलेल्या पिकात चेहऱ्यापाशी होणारी फवारणी आणि संरक्षक साधनांचा अभाव ही कारणे तेव्हा पुढे आली. त्या जिल्ह्यातील एखाद्या खेळाडूला हा विषय सभेपुढे न्यायचा असेल तर त्याला यवतमाळ हे नाव, ते वर्ष आणि त्या औषधांची व्यापारी नावे हे सारे बाजूला ठेवून दुःखाचे रूपांतर सर्वसाधारण नियमात करावे लागेल. ‘विषारी कृषिरसायन’ म्हणजे काय याची व्याख्या त्याला आधी करावी लागेल, आणि ती इतकी व्यापक हवी की मध्ययुगीन शेती करणारे राष्ट्र आणि अंतराळात पिके घेणारे राष्ट्र ही दोन्ही तिच्यात बसावीत, कारण सभेत दोन्ही प्रकारची राष्ट्रे असतात. त्यानंतर प्रश्न येईल तो जबाबदारीचा. ‘मालकाने फवारणी करणाऱ्यास हातमोजे, मुखवटा व गॉगल पुरवावे’ असे कलम लिहिले तर सालगडी आणि रोजाने आलेला मजूर यांना संरक्षण मिळते, पण दोन एकरांच्या स्वतःच्या वावरात स्वतःच पंप पाठीवर घेणारा शेतकरी कलमाबाहेर राहतो. ‘विक्रेत्याने द्यावे’ असे लिहिले तर सरकारी वाटपातून मिळालेले औषध सुटते. ‘कोणीही द्यावे’ असे लिहिले तर कोणीच देत नाही. लेबलवरील सूचना वाचता न येणाऱ्या माणसासाठी वेगळे कलम लागेल. आणि हे सारे आरोग्याच्या वर्गात मांडायचे की नियमनाच्या, हा निर्णय त्याने टाळला तर उत्तम मजकूरही पहिल्याच पायरीवर अडेल. मसुदा लिहिण्याचे बहुतेक कष्ट या पळवाटा आधी स्वतःच शोधण्यात जातात, आणि चांगला लेखक त्या दाखवून देणाऱ्या विरोधकाचा आभारी असतो.

कायदेशीरपणाचा निवाडा पूर्वी खेळाचे व्यवस्थापक करीत. नंतर हे काम अनुभवी खेळाडूंमधून नेमलेल्या सचिवालयाकडे गेले. आधीच्या ठरावाशी विसंगत किंवा त्याचीच पुनरावृत्ती करणारा प्रस्ताव सचिवालय बाद ठरवते. नवा ठराव जुन्या ठरावाच्या आधारावरही उभा करता येत नाही, कारण जुना रद्द झाला तर नवा पोकळ होईल. या नियमांतून एक चतुर डावपेच जन्माला आला आहे. एखाद्या विषयावर कडक कायदा येऊ नये असे ज्यांना वाटते ते त्याच विषयावर अगदी सौम्य ठराव आधीच संमत करून घेतात. तो पुस्तकात असेपर्यंत कडक मसुदा विसंगत ठरून दाराशीच थांबतो. राष्ट्रीय सार्वभौमत्वाचे पुरस्कर्ते हे शस्त्र विशेष वापरतात, तर जगभर एकच नियम असावा असे मानणारा दुसरा पक्ष असे अडसर हटवण्याच्या मागे असतो. या दोन पक्षांमधील झगडा सभेच्या राजकारणाचा कणा आहे.

संमत झालेल्या ठरावात दुरुस्ती करता येत नाही. एक शब्द चुकला असला तरी संपूर्ण ठराव रद्द करण्याचा वेगळा प्रस्ताव आणावा लागतो. त्यालाही तीच मान्यता आणि तेच चार दिवसांचे मतदान लागते, आणि रद्द करण्याच्या प्रस्तावात नवा कायदा घुसवता येत नाही. जुन्या ठरावात काय चुकले एवढेच त्यात सांगायचे असते, आणि तेही खरे असावे लागते, कारण ठरावात नसलेले दोष त्याच्या माथी मारणारा प्रस्ताव बेकायदा ठरतो. रद्द होणे आणि नवा येणे यांमधील काळात त्या विषयावर कायदा नसतो. म्हणून जबाबदार लेखक पर्यायी मसुदा तयार ठेवूनच जुन्यावर हात टाकतो.

२००९ मध्ये सभेचे दोन भाग झाले. वरील सर्व प्रक्रिया जनरल असेंब्लीची आहे. सिक्युरिटी कौन्सिल राष्ट्रांचा वा प्रदेशांचा गौरव, निषेध आणि प्रदेशांची मुक्तता असे ठराव करते. एखाद्या प्रदेशाचे प्रतिनिधीपद बळकावणारे आक्रमक खेळाडू इतरांना आत येऊ न देण्यासाठी त्यावर परवलीचा शब्द लावतात, आणि मुक्ततेच्या ठरावाने तो निष्प्रभ होतो. निषेधाचा ठराव मिळणे पुष्कळ खेळाडू मानाचेच समजतात.

बहुमताच्या या पद्धतीशेजारी विदर्भातीलच एक वेगळी पद्धत ठेवून पाहण्यासारखी आहे. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचे गाव ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ या घोषणेने ओळखले जाते. २००९ मध्ये वनहक्क कायद्यानुसार सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्याला सामूहिक हक्क मिळाला. तेथील ग्रामसभा मतदान न घेता सर्वसहमतीने निर्णय करते, आणि विषयाची माहिती व चर्चा अभ्यासगटात आधी होते. एकाचीही हरकत असेल तर निर्णय थांबतो. तेथे कायदा करणारे आणि त्याचे फळ भोगणारे एकाच गावचे असतात. वर्ल्ड असेंब्लीत विरोधात मत दिलेल्या सदस्यावरही ठराव लागू होतो आणि त्याला सुटका हवी असेल तर सदस्यत्व सोडणे हाच मार्ग उरतो. दूरच्या, अनोळखी हजारो सदस्यांत सर्वसहमती शक्य नाही हे खरे आहे. पण मतदानाआधी मसुदा सर्वांपुढे ठेवून महिनोन्‌महिने सुधारत राहण्याची खेळातील रीत अभ्यासगटाच्या जवळची आहे, आणि जे ठराव दीर्घकाळ टिकतात त्यांच्यामागे बहुधा अशी चर्चा झालेली असते.

खेड्यातील शाळेत किंवा वाचनालयात हा खेळ गटाने वापरायचा असेल तर सदस्यत्वाच्या नियमाकडे आधी लक्ष द्यावे लागते. एकाच संगणकावरून वा एकाच जोडणीवरून अनेक सदस्य राष्ट्रे चालवली तर ती एकाच व्यक्तीची समजली जाण्याचा धोका असतो. त्यापेक्षा सर्वांनी मिळून एकच सदस्य राष्ट्र चालवावे, मतदानाला आलेल्या ठरावाचे एकेक कलम मराठीत उतरवून फळ्यावर लिहावे, त्यातील पळवाटा शोधाव्यात आणि चार दिवसांच्या मुदतीत गटाचे मत ठरवून ते नोंदवावे. मुलांची वैयक्तिक राष्ट्रे सभेबाहेर राहू शकतात.