‘जे-वन झालं का?’ : मेसेजमधल्या मराठी-इंग्रजीची पार्श्वभूमी

मराठीत परक्या शब्दांवरून होणारे वाद जुनेच. शिवकाळातला राज्यव्यवहारकोश फारसी शब्दांना पर्याय द्यायला होता, 1920च्या दशकातल्या भाषाशुद्धीच्या चळवळीने इंग्रजीलाही हात घातला. पण आजची कॉलेजची मुलं एकमेकांना मेसेजमध्ये इंग्रजी अक्षरांत जी मराठी लिहितात, तिची मुळं तिकडे सापडत नाहीत. ती 2000 नंतरच्या दहा-बारा वर्षांत आहेत.

जून 2000 पासून राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून सुरू झालं. तोवर ते पाचवीपासून असे. या निर्णयावर कडाक्याचं भांडण झालं. आधी मातृभाषेत वाचता-लिहिता येऊ द्या, सहा वर्षांच्या पोरावर दोन लिप्या कशाला लादता, असं विरोधकांचं म्हणणं. शिकवणार कोण, हाही प्रश्न होता, कारण प्राथमिकच्या बहुतेक गुरुजी-बाईंनी स्वतः इंग्रजी उशिराच शिकलेलं. समर्थकांचं उत्तर थेट होतं : ऐपतवाल्यांची मुलं बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात जातात, मग जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीनेच पाचवीपर्यंत का थांबायचं? विरोधकांची काळजी खोटी नव्हती, पण न्याय समर्थकांच्या बाजूला होता. त्या भांडणात एक गोष्ट फारशी कुणाच्या बोलण्यात आली नाही. या मुलांना एबीसीडी ही परकी, धाक घालणारी लिपी उरली नाही. बाराखडीच्या जोडीनेच ती हाताखालून गेली. ती पहिली तुकडी 2010 साली दहावीला बसली, तेव्हा घरोघरी मोबाइल आला होता.

रोमन लिपीतली मराठी त्याआधीच्या कॉलेजवाल्यांनी सुरू केली होती, आणि तीही हौसेने नव्हे. सुरुवातीच्या बहुतेक साध्या फोनांत देवनागरी नव्हतीच. पुढे आली तरी परवडेना. एका एसेमेसमध्ये इंग्रजी अक्षरं 160 मावत, देवनागरी 70. त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जाई. ‘विद्यार्थ्यांना’ हा शब्द बोलताना चार अक्षरी, पण मेसेजमध्ये पंधरा जागा खाणारा. स्वस्त मेसेजचा पॅक मारला तरी दिवाळी-नववर्षाला तो चालत नसे, पूर्ण दर लागे. 2011 मध्ये तर सरकारी दूरसंचार नियामकाने (ट्राय) जाहिरातबाजीला आळा म्हणून दिवसाला 100 मेसेजची मर्यादा घातली, थोड्याच आठवड्यांत ती 200 केली, आणि पुढच्या वर्षी कोर्टाने खाजगी मेसेजपुरती ती रद्द ठरवली. तोवर पोरं व्हॉट्सॲपकडे वळू लागली होती.

या काटकसरीतून स्वर गळाले. ‘काय’चं के-वाय झालं, ‘नाही’चं एन-एच-आय. के-ए-एल म्हणजे काल, काळ, कळ की कल, हे मागच्या मेसेजवरून ओळखायचं, आणि ते ओळखू येतं. सगळ्यात देखणा नमुना म्हणजे इंग्रजी जे आणि पुढे 1 हा आकडा : जे-वन, म्हणजे जेवण. ‘जे-वन झालं का?’ यात अक्षर इंग्रजी, आकड्याचा उच्चार इंग्रजी, पण विचारपूस शंभर टक्के आपल्या घरातली.

व्याकरणाचंही तसंच. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि मराठी क्रियापदाला जुंपायचा : रिप्लाय दे, चिल मार, टेन्शन घेऊ नको, सीन करून सोडलं (म्हणजे मेसेज पाहिला, पण उत्तर नाही). मेसेज तो, लिंक ती, हे कुणी न शिकवता ठरलं. ‘स्टेटस ठेवला’ की ‘ठेवलं’, हे अजून ठरायचंय. ‘क्रश’ मात्र माणूस पाहून बदलतो, माझा क्रश किंवा माझी क्रश. भाषा बिघडली म्हणणाऱ्यांनी हे नियम ऐकावेत. लिंग, विभक्ती, क्रियापद, सगळं मराठीच आहे.

2016 नंतर डेटा स्वस्त झाला, देवनागरी कीबोर्ड फोनमध्येच मिळू लागला आणि अक्षरं मोजायचं कारण संपलं. तरी दोघांतली खाजगी चॅट बरीचशी रोमनमध्येच राहिली. देवनागरी वाढदिवसाच्या शुभेच्छांना, रीलखालच्या ओळींना, स्टेटसवरच्या शिवजयंतीला आली. अलीकडे बोलून टाइप करणारे वाढलेत, आणि त्यांचा फोन ‘मीटिंग पोस्टपोन झाली, तू निघ’ हे सगळंच्या सगळं देवनागरीत उतरवतो.