मॉरिशसचे ‘६०–०’ आणि विरोधकांच्या जागा

मॉरिशसमध्ये १९८२ आणि १९९५ साली आघाड्यांनी मुख्य बेटावरील सर्व ६० जागा जिंकल्या, तेव्हा संसदेत विरोधकच उरले नाहीत, असे अनेकजण आजही सांगतात. ते चुकीचे आहे. मुख्य बेटावरील २० मतदारसंघांतून प्रत्येकी ३ आणि रॉड्रिग्ज या छोट्या बेटावरून २ सदस्य निवडून आल्यानंतर ‘बेस्ट लूजर’ पद्धतीने पराभूत उमेदवारांना कमाल ८ जागा देता येतात. १९८२ मध्ये हरलेली मजूर पक्षाची आघाडी व पीएमएसडी हा दुसरा पराभूत पक्ष यांना अशा प्रत्येकी २ जागा मिळाल्या. या जागा समुदायांचे प्रतिनिधित्व पाहून दिल्या जातात, म्हणून उमेदवाराला आपला समुदाय नोंदवावा लागतो; त्या नोंदणीत मराठी भाषकांचा वेगळा गट नाही. त्यांतील हिंदू उमेदवार हिंदू समुदायात मोजले जातात, हे आपल्याकडे क्वचितच लक्षात घेतले जाते. शिवाय १९८२ ची आघाडी वर्षभरातच फुटून १९८३ मध्ये पुन्हा निवडणूक झाली.