पाहुण्यांच्या फेऱ्या कोणाच्या माथी?

गोव्यात पर्वरीला गाड्या तुंबल्या की पायलटापासून (म्हणजे दुचाकी-टॅक्सीवाल्यापासून) आमदारापर्यंत सगळ्यांचं निदान एकच: "बाहेरच्या गाड्या!" बाहेरची म्हणजे एमएच किंवा केए पाटीची. माझा चुलतभाऊ बांद्याहून रोज एमएच-०७ दुचाकीने म्हापशाला कामाला जातो. पर्यटनाशी त्याचा संबंध एवढाच, की शनिवारी घरी पोचायला उशीर होतो. उलट पुण्याहून विमानाने मोपाला उतरलेलं जोडपं भाड्याची स्कूटर घेतं, तिची पाटी जीए. काळ्यावर पिवळी अक्षरं असली तर कळतं तरी. कुणी आपली पांढऱ्या पाटीची खासगी गाडीच भाड्याने दिली, तर नाक्यावर मोजायला बसलेल्या पोराच्या लेखी ते जोडपं अस्सल गोंयकार.

पूल, रस्ते, बसमार्ग आखण्याआधी ट्रॅव्हल डिमांड मॉडेल, म्हणजे कुठून कुठे किती फेऱ्या होतील याचं गणित, बनवतात. त्याचा पाया घरोघरचं सर्वेक्षण: काल घरातलं कोण, कुठे, कशाने गेलं? हॉटेलातल्या खोलीचं दार त्यासाठी कुणी वाजवत नाही. पत्रादेवी, मोले, पोळे अशा सीमेवरच्या ठिकाणी गाड्या थांबवून विचारलं, तर येणारे-जाणारे कळतात, मुंबई-मंगळूर आरपार जाणारे ट्रकही कळतात. पण एकदा आत आलेला पाहुणा पुढचे चार दिवस आतल्या आत जे हिंडतो, ते दोन्हीकडून निसटतं.

निसटलं तर आकडा थोडा कमी येईल, एवढंच ना? नाही, आणि मला या विषयातला सगळ्यात आवडता भाग हाच. मॉडेलमध्ये फेऱ्या घरांतून निघतात आणि ठिकाणं त्या ओढून घेतात. ओढ किती, हे बहुधा तिथल्या नोकऱ्यांवरून काढतात: जितके वेटर आणि दुकानदार, तितकं गिऱ्हाईक. दोन्ही बेरजा जुळल्याच पाहिजेत. भरवसा घरांच्या आकड्यावर जास्त, म्हणून कात्री ओढीला लागते.

समजा, स्थानिकांच्या फेऱ्या १,०००. त्यांतल्या ६०० म्हापशाच्या बाजाराला, ४०० कळंगुटला. पाहुण्यांच्या आणखी १,००० फेऱ्या, सगळ्या कळंगुटला. नोकऱ्यांवरून ओढ निघते म्हापसा ६००, कळंगुट १,४००, एकूण २,०००. घरांकडे मात्र १,०००च आहेत. मग दोन्ही आकडे निम्मे करायचे: म्हापसा ३००, कळंगुट ७००. म्हणजे कळंगुटच्या रस्त्यावर खरी गर्दी १,४०० असताना मॉडेलला निम्मीच दिसते. त्याहून वाईट म्हणजे बाजाराला निघालेली ३०० माणसं त्याने परस्पर किनाऱ्यावर नेऊन सोडली! पाहुण्यांच्या फेऱ्या हरवल्या नाहीत, काही स्थानिकांच्या माथी मारल्या गेल्या.

मग रस्त्यावरच्या मोजणीशी आकडे जुळेनात म्हणून कुणीतरी एक गुणक ठोकून देतो. आजचं जुळतं. पण वीस वर्षांनंतरचा अंदाज तो स्थानिक लोकसंख्येच्या वाढीवर काढतो, आणि पाहुण्यांची वाढ चालते हॉटेलच्या खोल्या आणि विमानांच्या हिशेबाने.

यावर उपाय म्हणजे पाहुण्यांचं वेगळं मॉडेल. त्यात हॉटेलची भरलेली खोली हेच घर. एका खोलीमागे दिवसाला किती फेऱ्या, हे तिथेच जाऊन विचारायचं. होनोलुलूच्या मॉडेलमध्ये पाहुण्यांचा असा स्वतंत्र भाग आहे. 'वर्षाला एक कोटी पर्यटक' ही मथळ्याची भाषा इथे कामाची नाही. प्रत्येक जण चार रात्री राहतो असं धरलं, तर कोटीला चाराने गुणून ३६५ने भागायचं: सरासरी दिवसाला सुमारे १ लाख १० हजार. २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या होती १४.५८ लाख. म्हणजे शंभरामागे सात-आठ. पण ते राज्यभर सारखे पसरलेले नसतात, ते किनारपट्टीत दाटलेले असतात, आणि डिसेंबरच्या शेवटी सरासरीला कोण विचारतो?

"मोबाइलचा डेटा घ्या, एआयला द्या, झालं," असं हल्ली ऐकू येतं. टॉवरला सिम दिसतं. माणूस बसमध्ये आहे की भाड्याच्या स्कूटरवर, हे दिसत नाही. रात्री सिम कुठे मुक्कामी असतं यावरून पाहुणा बराचसा ओळखता येतो, हे मान्य. नंबर कुठला आहे यावरून मात्र नाही: दूरसंचार खात्याच्या हिशेबी मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा हे एकच सर्कल. आणि चुलतभावाचं सिम रात्री बांद्याला असतं, दिवसा म्हापशाला. महिन्यातून दोनदा आईला घेऊन तो बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) जातो, त्या फेऱ्या तर कुठल्याच हॉटेलात सापडायच्या नाहीत.